मागाच्या ठोक्याची व्यवस्था

मी, रेणू हेमराज हेडाऊ, वय अठ्ठावीस, धंदा गाण्यांना ताल व संगीत बसवून देणे, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी लिहायला भाग पाडलेले नाही. उलट माझी आई शोभाताई म्हणते की दवाखान्यात जायच्या तोंडावर असले कागद करू नयेत. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. त्यांनी ते इतक्या सहज सांगितले की मला काळजी वाटू लागली. याआधी एक मृत्युपत्र सुरू केले होते, ते खाडाखोड फार झाली म्हणून फाडले. कुठे तुकडा सापडल्यास तो धरू नये.

कलम १. घर वडिलांच्या नावावर आहे, त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. बँकेतल्या खात्यावर आईचे नाव वारस म्हणून लावलेले आहे, तेच राहावे. माझ्या साड्या आईने वाटाव्या, पण बाबांनी विणलेली जांभळ्या काठाची कोणाला देऊ नये. ती माझ्या अंगावर घालायचा विचार कोणी केल्यास तसेही करू नये. चांगली साडी आहे, आईने नेसावी.

कलम २. मागची खोली. इथे बाबांचा हातमाग होता. माग विकला, पाय सोडून बसायचा खड्डा बुजवला, आणि मी भिंतींना गोधड्या लावून तिथे काम सुरू केले. खोलीतला संगणक, मायक्रोफोन, दोन्ही स्पीकर व हेडफोन मी रंजिता निपाने हिला देते. रंजिता आमच्या शेजारची, माझ्याकडे शिकते. तिला सूचना: हेडफोनची डावी बाजू मधेच बंद पडते. वायर मुळाशी अंगठ्याने दाबून धरली की चालते. आपल्या कानात बिघाड आहे असे आधी समजू नये, आधी वायर पाहावी.

कलम ३. भूषण. हा माझ्या काकांचा मुलगा. गाणी तो गातो. लग्नात, वरातीत, गणपतीत वाजतात ती. त्याचा आवाज चांगला आहे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून मी मनात धरून बसले होते असे कोणाला वाटू नये. तो मोबाइलवर एक ओळ गुणगुणून पाठवतो. पुढे ताल कोणता, ढोल कुठे येईल, कुठे सगळे गप्प करायचे, त्याचा आवाज कशावर उभा राहील, हे मी ठरवते. दिवसचे दिवस जातात. पोस्टरवर येते, गायक व संगीत डीजे भूषण. मी एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू त बटन दाबतेस. गाऊन कोण राहिलं?" त्यावर मी भांडले नाही. मला तेव्हाच धाप लागत होती आणि भांडायला श्वास लागतो.

तयार झालेली सर्व गाणी भूषणकडे राहावीत. गाण्याच्या सुरुवातीला जाड आवाजाचा एक माणूस "डीजे भूषण, भंडारा" असे म्हणतो, तो गाण्यात चार ठिकाणी येतो. एकदा पुरे.

कलम ४. उघड्या फाइली. साडी मागावरून उतरवताना बाबा ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची टोके मागावर तशीच ठेवत. नवा ताणा आला की त्या टोकांना एकेक धागा पिळून जोडायचा. त्याला आमच्याकडे सांधणी म्हणतात. टोके कापली तर सगळे मुळापासून भरावे लागते. मला मोजायला बाबांनी शाळेच्या आधी त्या धाग्यांवर शिकवले, आणि कोणता ठोका पोकळ, कोणता भरीव, हे मी मागाच्या पायाने दाबायच्या पावडीजवळ बसून ऐकत शिकले. म्हणून मी गाण्याची उघडी फाइल कधी मिटवत नाही. तीत प्रत्येक वाद्य वेगळे असते, पुढचा माणूस तिथून काम जोडून घेऊ शकतो. भूषणला त्या फाइली हव्या आहेत. मी दवाखान्यात जाणार हे कळल्यावर त्याने प्रकृतीची चौकशी केली आणि मग पासवर्ड विचारला. त्या फाइली मी रंजिताला देते. भूषणला एकच, ती कशी ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ५. मागाचा आवाज. माग विकायच्या आधी मी बाबांच्या शेवटच्या साडीचा आवाज भरून घेतला होता. बाबांना वाटले, मी मोबाइलवर बोलत आहे. आडवा धागा नेणारा धोटा जातो, येतो, फणीचा ठोका पडतो. त्यातला एक तुकडा मला फार आवडला, कारण तिथे चौथ्या ठोक्याआधी काहीतरी घासटते आणि मग ठोका पडतो. त्या घासटण्यावर पाय आपोआप उचलतो. त्याच्यावर मी भूषणचे सगळ्यात चाललेले गाणे बांधले. ते कशावर उभे आहे हे मला व भूषणला माहीत होते. बाबांना वरातीतल्या वाजत्या गाड्यांचा तिटकारा, ते माझी गाणी ऐकत नाहीत. मीही आग्रह केला नाही.

गेल्या वैशाखात कारध्याला नात्यातले लग्न होते. मी तपासण्यांसाठी नागपूरला होते. रंजिता वरातीत होती. पुढचे तिने मला आता सांगितले, तेही बाबांनी भजनात जाणे का सोडले असे मी विचारले म्हणून. वरातीत ते गाणे लागले. बाबा बाजूने चालत होते. थांबले, मग नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत गाडीपाशी गेले आणि वाजवणाऱ्याला म्हणाले, "माग थांबव ना बे. धागा तुटला. धोटा घासटून राहिला."

लोक हसले. कोणी विचारले, बुढा काय पिऊन आला. भूषण तिथेच होता. त्याने बाबांना हाताला धरून मांडवात नेले, पाणी दिले आणि सगळ्यांना सांगितले, "मोठेबाबाले ऊन लागलं." एका वाक्यात खरे सांगता आले असते.

त्यानंतर बाबांनी भजनात वाजवायचा मृदंग खुंटीला लावला. भजनी मंडळाचे भैयाजी दोनदा बोलवायला आले. बाबा म्हणाले, आता कानाचा भरोसा नाही, ताल सोडून दुसरेच ऐकू येते. आईला ते म्हणाले की विकलेला माग ऐकू येतो. हे ती मला सांगत नव्हती, माझ्या झडपेमुळे. या घरात सगळे एकमेकांची काळजी घेतात आणि कोणाला काही कळत नाही.

कलम ६. त्या गाण्याची उघडी फाइल भूषणला मिळावी, पण त्याने आधी बाबांसमोर बसून सांगावे की तो माग त्यांचाच होता आणि त्यांनी बरोबर ऐकले. पुढे जिथे ते गाणे लागेल तिथे नावे अशी लिहावी: गायन भूषण, ताल व जुळवणी रेणू, माग हेमराज. मान्य नसेल तर फाइल रंजिताकडेच राहावी.

कलम ७. <s>माझ्या मृत्यूनंतर रंजिताने बाबांना खोलीत बसवून मागाचा मूळ आवाज ऐकवावा व तो त्यांच्या मालकीचा समजावा.</s>

कलम ७ रद्द. कारण लिहिणे जरूर आहे, नाहीतर पुढे शंका निघेल. हे कलम लिहून मी पुन्हा वाचले आणि मला ते बरे वाटले नाही. बाबा अंगणातच होते, सुपारी कातरत. मी मेले तरच त्यांचे कान चांगले ठरणार, अशी ती व्यवस्था होती. मी त्यांना आत बोलावले. खड्डा बुजवला होता तिथेच खुर्ची ठेवली, हेडफोन लावले. डावी बाजू बंद पडली. मी काही सांगायच्या आत त्यांनी वायर चाचपून मुळाशी अंगठ्याने दाबून धरली.

त्यांचे पाय जमिनीवर पावड्या दाबल्यासारखे हलू लागले. मग ते घासटणे आले आणि त्यांचा पाय थांबला.

"आता सांग," ते म्हणाले. "तुटला का नाही?"

मी म्हटले, "तुटला बाबा."

"कारध्याले मी हेच म्हणलो."

मी विचारले, तो आवाज काढून टाकू का, नीट करता येतो. ते म्हणाले, "काहून? पोट्टे नाचून राहिले त नाचू दे. मले वाटलं, मायंच डोकं तुटलं." हेडफोन काढून त्यांनी वायर नीट गुंडाळली. मग टेबलावरचा हा कागद दिसला, तो त्यांनी वाचला. आईसारखे ते रागावले नाहीत. सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "हे खोड. मले भेटलं."

खोडलेल्या कलमाशेजारी मी व दोन्ही साक्षीदारांनी सही केली आहे. बाकी कलमे कायम. मृदंगाबाबत काही लिहिलेले नाही, कारण तो आज संध्याकाळी खुंटीवर नव्हता.

वरील सर्व मी वाचून, समजून लिहिले आहे. दवाखान्यातून परत आले तर हा कागद आईच्या हाती द्यावा, तिला तो फाडू द्यावा.

ठिकाण: मोहाडी
दिनांक: ११ जानेवारी २०२५

(सही) रेणू हेमराज हेडाऊ

आमच्यासमोर रेणूने सही केली व आम्ही तिच्यासमोर:

१. भैयाजी पराते, भजनी मंडळ, मोहाडी. (यांना माझी जुनी बाजाची पेटी द्यायची होती, साक्षीदाराला काही देऊ नये असे ऐकले म्हणून दिली नाही. त्यांनी राग मानू नये.)

२. सीताबाई कुंभारे, शेजारीण, मोहाडी.