बाविसाव्या रांगेतली सहावी खुर्ची

आदरणीय लोरेटा आत्या,

फ्लोरिडाचं ऊन तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल, तुमच्या सोसायटीच्या तळ्यातली मगर अजून तळ्यातच असेल आणि रक्तदाब डॉक्टरांच्या मर्जीने चालत असेल, अशी आशा करतो. इकडे एरी सरोवरावरचा बर्फ अजून फुटलेला नाही आणि मला नारळ मिळाला आहे. बातमी पक्की आहे. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात, लेंटच्या उपवासातल्या मासेजेवणाच्या टेबलावर, तुमच्या लेकीने, डार्लीननेच ती सर्वांसमक्ष वाचून दाखवली: चार विरुद्ध दोन मतांनी, पुढच्या हंगामापासून स्टेडियमच्या बाविसाव्या रांगेत नॉर्बर्ट नाही.

स्टेडियमचं पत्र तुम्हाला आलं. ते तुम्ही ‘आपसात ठरवा’ एवढं खरडून डार्लीनकडे पाठवलंत, तिथून हे सुरू झालं. (दोष देत नाही. ख्रिस्ताला लोकांच्या हवाली करून पिलातानेही हातच धुतले होते.) नव्या खुर्च्या रुंद होणार, म्हणून जिथे आम्ही सहा जण एकतीस वर्षं बसलो तिथे आता पाच मावणार. प्रेक्षक फुगले म्हणून खुर्च्या फुगल्या. आमच्या सहांत माझाच पट्टा अजून जुन्या भोकावर लागतो, आणि बाहेर मी.

त्याच आठवड्यांत गावभर दुसरा वाद पेटला होता. आपल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा ब्रॅडी लॉकहार्ट चौतीस वर्षांचा झाला, एकाच गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेल्या मर्यादेतला चौथा हिस्सा तो एकटा खातो. त्याला ठेवायचं, की त्याला सोडून त्याच पैशात फेकणाऱ्याला वाचवणारा तगडा गडी, चेंडू झेलणारे दोघे आणि बचावातला तो दांडगा, अशा चौघांना राखायचं? दर शुक्रवारी मासा थंड होईपर्यंत एवढाच विषय. माझं मत तुम्हाला ठाऊकच असेल. मी तक्ता काढून नेला होता. डाव्या रकान्यात माणूस काय घेतो, उजव्यात काय देतो, आणि खाली वय व गुडघे. डार्लीनचा नवरा व्हर्जिल डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “अरे, त्याने आपल्याला तीनदा अंतिम सामन्याच्या दारापर्यंत नेलं!” मी म्हणालो, “दारापर्यंत दूधवालाही येतो.” टेबल हसलं. मी आणखी म्हणालो की भावनेने सामने जिंकता येत नाहीत, जुनी माणसं वेळेवर सोडता आली पाहिजेत, आणि त्यातच संघाचं भलं असतं. टाळ्या पडल्या. (टाळ्या पडतात तेव्हा माणसाने उठून घरी जावं. मी आणखी एक प्लेट कोबीची कोशिंबीर घेतली.)

कारण डार्लीनने माझाच तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आम्हा सहांची नावं लिहिली. कॅझ शेगडी आणि सॉसेजेस आणतो. त्याची बायको रोझमेरी पांघरुणं आणते. तिचा भाऊ लेन, जो एकतीस वर्षांत ‘फेक ना!’ याखेरीज काही बोललेला नाही, तो पार्किंगची जागा धरायला पहाटे जातो. डार्लीन बटाट्याचं सॅलड करते, व्हर्जिल गाडी चालवतो. माझ्यासमोर बराच वेळ काही लिहिलं गेलं नाही. मग कॅझ म्हणाला, “लिही की, मतं आणतो.” माझ्या डाव्या रकान्यात मात्र गर्दी झाली. सामन्यात चार वेळा लघवीला उठतो, प्रत्येक वेळी पाच जणांना उभं राहावं लागतं, आणि गेल्या हंगामातले दोन टचडाउन त्यांनी माझ्या पाठीकडे बघत गमावले. मी एकतीस वर्षांची आठवण दिली. माझी एलेन वारली त्या रविवारखेरीज मी एकही सामना चुकवलेला नाही, हेही सांगितलं. कॅझने खांद्यावर हात ठेवला. “तूच म्हणालास ना राजा, भावनेने सामने जिंकता येत नाहीत.” मग ज्याला वगळायचं त्याचं नाव कागदी रुमालावर लिहून गुप्त मतदान झालं. मला चार मतं, व्हर्जिलला दोन.

सोमवारी क्लबने जाहीर केलं की लॉकहार्ट राहतोय, आणखी तीन वर्षं, आणि ते चौघे गेले. निष्ठेला किंमत असते, असं मॅनेजर म्हणाले. म्हणजे बघा आत्या, अख्ख्या गावात माझं म्हणणं फक्त माझ्याच बाबतीत मानलं गेलं.

तुमचा भाचा,
नॉर्बर्ट

ता.क. खुर्च्या अजून तुमच्याच नावावर आहेत, आणि नावांच्या बाबतीत क्लब फक्त तुमचं ऐकतो. गुरुवारी दुपारी बाराच्या आत एक फोन केलात तर यादी बदलू शकते.

ता.क. २. व्हर्जिल तुमचा जावई आहे हे मी विसरलेलो नाही. पण तो अर्धा सामना झोपतो, आणि झोप त्याला घरीही लागते. गाडी काय, मीही चालवतो. दोन मतांतलं एक माझं होतं. दुसरं रोझमेरीचं असावं. तिला माझ्याबद्दल पहिल्यापासून माया आहे.

ता.क. ३. पाकीट चिकटवणार तोच व्हर्जिल दारात आला. म्हणाला, “माझ्या नावाच्या दोन मतांतलं एक माझंच होतं. स्वतःचंच नाव लिहिलं. तू एकटा टीव्हीसमोर बसणार, ते मला बघवेना.” त्याचीच खुर्ची मला द्यायला तो तयार होता, पण डार्लीन ऐकत नाही म्हणाला. उरलेलं मत कुणाचं, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अर्धा तास बसून तो गेला. वरची विनंती मी खोडलेली नाही. गुरुवारी बारा वाजता क्लब पाच नावं डार्लीनला फोनवर वाचून दाखवणार आहे. तुम्ही ती बदललीत तर का बदललीत हे ती आधी तुम्हालाच विचारेल, आणि तुम्ही या पत्राचं नाव घ्याल तेव्हा व्हर्जिल तिच्या शेजारीच बसलेला असेल.