दत्तूच्या भिंतीवरची पाल

प्रिय दत्तू,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. काल तुझा गजानन घरी आला. म्हणाला, "काका, हाटेलाले चुना मारून राह्यलो. बाकामागची भिंत ठेवू का मारून टाकू? तुमीच सांगा." मी म्हणालो, "दोन दिवस थांब, बाप्पा." आणि वही घेऊन बसलो. त्या भिंतीबद्दलचं एक खरं तुला सांगायचं राहूनच गेलं ना रे!

आठवतो का तो दिवस? भिंतीवर पाल दिसली आणि तू झाडू घेऊन "पाल! पाल!" करत धावलास. बाकावरच्या आदिलाबादच्या ड्रायव्हरनं शांतपणे दुधाचं पातेलं उचलून तुझ्यापुढं धरलं. त्याच्या तेलुगूत 'पालु' म्हणजे दूध! अख्खं हाटेल खो-खो हसलं, मीही हसलो. तू मात्र झाडू टाकलास. "तुमच्यात असं म्हन्ता? मंग लिवा ना इथं!" म्हणत त्याच्या हाती कोळसा दिलास. त्यानं जिलबीसारखी गोल-गोल अक्षरं काढली.

तेव्हापासून तुझा नेमच झाला. ज्यानं अर्थ सांगायचा, त्यानंच तो आपल्या हातानं भिंतीवर उतरवायचा. उत्तरेकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, पाल म्हणजे नावेचं शीड. त्याचा जोडीदार म्हणाला, छट्, आंबे पिकवायचा गवताचा थर! दोघं हातघाईवर आले, तर तू काय म्हणालास? "भांडता कायले बे? दोघंबी लिवा. भिंत काय कमी पडून राह्यली?"

आणि मी, तांड्यावरचा रामधन! मी लिहिलं, 'पाल म्हणजे तंबू. माझा आजा पालात जन्मला.' बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरणारी आमची माणसं. तू ती ओळ आल्या-गेल्याला दाखवत सुटलास. शाळेचं तोंड न पाहिलेला मी, दुकानांच्या पाट्या वाचत शिकलेला. माझ्या वाकड्या अक्षराला एवढा मान दुसऱ्या कोणी दिला होता?

पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो ना मी!

त्या दिवाळीला तू लेकीकडे गेलतास. हाटेल माझ्यावर टाकून. मी हौसेनं भिंत साफ करायला घेतली. अक्षरं सगळी जपली. कोपऱ्यात मात्र नुसत्या रेघोट्या दिसल्या. चार पाय, एक शेपटी, खाली काहीतरी चिकटलेलं. अक्षर नाही, म्हणजे घाणच. ओलं फडकं घेतलं न् पुसून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी बाजार. पोडावरचा, कोलामांच्या वस्तीतला लेतूबाबा टोपल्या विकून चहाला आला. कप तोंडापर्यंत नेला, भिंतीकडे पाहिलं, आणि भरला कप तसाच ठेवून निघून गेला. मला काही उमगलं नाही.

तू आल्यावर कळलं. कोलामीतही पाल म्हणजे दूध. लेतूबाबाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू त्याला म्हणाला होतास, "मंग काढून दाखव." त्यानं गाय काढली होती. तिला लुचणारं वासरू काढलं होतं.

"कोनं पुसलं, रामधन?" तू विचारलंस. आणि मी, तुझा जिवाचा मैतर, म्हणालो, "पोरासोरायनं पुसलं असंल."

तू मला एका शब्दानं उलटून विचारलं नाहीस. त्याच दिवशी पायी पोडावर गेलास. सोबत मीही होतो, मागं उभा. तू हात जोडलेस, "बाबा, माह्या हाटेलात झालं. माहीच चूक." लेतूबाबा बांबू सोलत राहिला. मान वर न करता म्हणाला, "तुह्या भिंतीवर लिवनाऱ्याचीच जागा हाय, दत्तू. आमची कायची?"

केवढं लागलं असेल तुला! ज्यानं भिंत सगळ्यांना खुली केली, त्यालाच हे ऐकावं लागलं. तेही माझ्यापायी. आणि मी मूग गिळून उभा! त्यानंतर त्या कोपऱ्यात तू कोणालाच काही लिहू दिलं नाहीस. दर बाजाराला लेतूबाबासाठी चहा सांगायचास, निवला की स्वतःच प्यायचास. तो काही आला नाही.

तुला ठाऊक होतं का रे, की तो मीच? असणारच. माझी मान कधी खाली जाते, ते तुझ्याइतकं कोण ओळखायचं? मग एक शिवी का नाही हासडलीस? मोकळा तरी झालो असतो! एवढा मोठा मनाचा कायले झालास, लेका?

लेतूबाबा अजून आहे. डोळे गेलेत म्हणतात. आता गाय काढायला तो येईल, ही आशा मी धरत नाही. पण त्याच्या मनात आजही तू दोषी आहेस, आणि ते मी जिता असताना राहता कामा नये.

उद्या सकाळी पोडावर जातो. गजाननला काय सांगायचं, ते आल्यावर पाहीन. लेतूबाबा बसायला सांगेल की हाकलून देईल, देव जाणे. पण बोलायचं ते पाठ करून ठेवलंय. दारातूनच म्हणेन, "बाबा, दत्तूचा काही दोष नव्हता. मी रामधन. म्या पुसलं."

तुझाच,
रामधन