फार नीट ठेवलं होतं

प्रिय सुचेता,

तुझा फोन येतो, रणजितच्या अस्थी कधी आणतेस म्हणून तू विचारतेस आणि मी तुला तोक्योचं हवामान सांगते. एव्हाना तुला पुण्यापेक्षा इथला पाऊस जास्त पाठ झाला असेल. रागावली आहेस, ठाऊक आहे. भाऊ तुझा होता. वहिनीला चार शब्द सुनवायचा नणंदेचा हक्क तू फारच काटकसरीने वापरलास. मी बरी आहे. म्हणजे ओजिमातलं घर, जुईची शाळा, माझं कॉलेज, आणि जळणारा कचरा, न जळणारा कचरा, ज्याच्या त्याच्या वारी. रडू येत नाही. आलं की कळवीन.

कॉलेजात गेल्या आठवड्यात पाहुण्यांचं व्याख्यान होतं. विषय, मूलनिवासींचे हक्क आणि सलोखा. मी आंतरराष्ट्रीय विभागात अर्धवेळ आहे, म्हणजे जगात कुठेही अन्याय झाला की खुर्च्या मी मांडते. पोस्टरवर ‘सलोखा’ इतक्या मोठ्या अक्षरांत होता की भांडण कुणी काढलं होतं हे लिहायला जागाच उरली नव्हती. वक्त्या होत्या निशिदाबाई, होक्काइदोच्या ऐनू समाजातल्या. ऐनू म्हणजे त्या उत्तरेकडच्या बेटावरचे मूळचे लोक. आधी त्यांची जमीन गेली, मग नदीतले मासे, मग भाषा. आता त्यांची नक्षी विमानतळावर पिशव्यांवर छापून मिळते. आमचे विभागप्रमुख ओकुमुरा-सान यांना फार आशा होती की बाई तो नक्षीचा झगा घालून येतील. बाई आल्या राखाडी कार्डिगनमध्ये, हातात कोंबिनीतली, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास दुकानातली, स्वस्तातली प्लास्टिकची छत्री. नवरदेव बर्मुड्यावर मांडवात यावा तसा ओकुमुरा-सानांचा चेहरा झाला.

बाई नाचाबद्दल बोलल्या नाहीत, हाडांबद्दल बोलल्या. पूर्वी विद्वान मंडळी ऐनूंची थडगी उकरून हाडं अभ्यासाला घेऊन गेली आणि ती खोक्यांत पडून राहिली. बाईंच्या गावाने मागून मागून काही परत मिळवली. ती आली तेव्हा त्यांची म्हातारी आत्या म्हणाली, उघडा, मला बघायचंय. सोबतचे अधिकारी म्हणाले, आजी, कशाला उगाच, तुम्हाला त्रास होईल. आत्या म्हणाली, आमच्या माणसाचा त्रास आम्हाला नाही होणार तर काय तुम्हाला होणार? मला हसू आलं. बाकी सभागृह शांत. इथे कुठे हसायचं ते आधी कार्यक्रमपत्रिकेत छापावं लागतं.

शेवटी संग्रहालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. कमरेत वाकले, पुन्हा वाकले, आणि म्हणाले, पण आम्ही ती फार नीट ठेवली होती हो, दमट हवासुद्धा लागू दिली नाही. बाई म्हणाल्या, हो, फार नीट ठेवली होती, त्याबद्दल आभार; पण ठेवा म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी होतं? त्यानंतर पत्रिकेत आभारप्रदर्शन होतं, ते झालं.

मी खुर्च्या घडी करत राहिले. त्यांचं जे गेलं त्याच्या शेजारी माझं नेऊन ठेवायचं नाही, एवढी अक्कल अजून शिल्लक आहे. त्यांच्याकडून लुटून नेलं होतं. मला माझा नवरा रीतसर सही घेऊन दिला. पण त्या गृहस्थांचं वाक्य माझ्या तोंडचं होतं. रणजित कपाटात आहे, उन्हापासून दूर, शेजारी ओल शोषणारी पुडी. ती पुडी मी वेळच्या वेळी बदलते. जुई शाळेत निघताना कपाटाला ‘इत्तेकिमास’ म्हणते, म्हणजे जाऊन येते. परवा तिला विचारलं, बाबांना आजीकडे न्यायचं का? ‘बेत्सुनि’ म्हणाली, म्हणजे मला काय त्याचं. मग बूट चढवता चढवता म्हणाली, आता आजीची टर्न आहे ना, आई.

तर सुचेता, हे पत्र कशासाठी ते ऐक. तुम्ही वाट बघताय लहानशा कलशाची, मूठभर राखेची. इथे तसं नसतं. इथल्या भट्टीतून माणूस हाडांनिशी बाहेर येतो. घरच्यांनी दोघादोघांनी मिळून चॉपस्टिक्सनी ती उचलायची, मोठ्या बरणीत ठेवायची. आधी पाय, म्हणजे आत माणूस उभा राहतो. कवटी शेवटी, सगळ्यांत वर. मी आणि त्याच्या ऑफिसातला केदार, आम्ही दोघांनी उचलली. झाकण काढलं की पहिलं त्याचं कपाळ आहे, सुचेता. कपाळच आहे, ओळखू येतं. हे फोनवर सांगायला माझं तोंड उघडेना. आईंना ते दिसू नये म्हणून मी इथल्या एका दुकानात विचारून ठेवलं होतं. हाडं दळून पूड करून देतात, लहान डब्यात मावते, कुणाला काही कळत नाही. काल त्यांना नको म्हणून कळवलं. पुढच्या महिन्यात जुईला सुट्टी लागली की आम्ही दोघी निघतो, आणि तो आहे तसा आणते. तू आईंना आधी सगळं सांग, वर काय आहे तेही. मग विचार, उघडून बघायचंय का. हो म्हणाल्या तर कुणी आड येऊ नका. मीच आड आले तर मला हाताला धरून बाहेर ने.

तुझीच, निदान अजून तरी,
स्वरूपा वहिनी