हृदयाच्या चित्राखालचं नाव

३ मार्च

चि. ठकूस मावशीचे आशीर्वाद. आज जरा हात राखूनच देते आहे.

रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेले, तर भिंतीवर माझं हृदय टांगलेलं! छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवताना काढलेल्या तक्त्यांपैकीच ते. ती तिरकी झडप मी झोपेतही ओळखीन. माझी सुबक शास्त्रीय नावं खोडून तिथे बाळबोध वाक्यं: इथून रक्त आत येतं. वर जांभळा रंग फासलेला. नाव मात्र कुठेच नाही. खुर्चीवर चढून कोपरे तपासले, तर नर्स म्हणाली, आजी, उतरा, हाड मोडेल. मी म्हटलं, हाड माझं आहे, चित्रही माझंच आहे. नंतर मोजलेला रक्तदाब तुला कळवत नाही.

तक्ते इंटरनेटवर तूच टाकलेस. रद्दीत जाण्यापेक्षा कुणी वापरले तर बरं, असं मी म्हटलं होतं, पण म्हणून वाटेल ते फासायचं? सगळं काढून घे. दुसऱ्याच्या वहीतलं उतरवणं ही चोरी, हे आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलं होतं.

रागावलेली, पण तुझीच,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आशीर्वाद तू हात राखून दिलेस, मी पुरते घेतले. तक्ते टाकताना खुला परवाना निवडावा लागतो. नुसतं वाटू द्यायचं की बदलूही द्यायचं, विकू द्यायचं की नाही, हे पर्याय मी तुला वाचून दाखवले होते. तू शब्दकोडं सोडवत हं म्हणालीस. तेव्हाच पेन काढून घ्यायला हवं होतं, ही माझी चूक.

आपण निवडला तो सर्वांत मोकळा. हक्क तुझाच राहतो, परवानगी तेवढी आधीच दिलेली असते. कुणीही घ्यावं, बदलावं. पण तुझं नाव द्यावं, परवाना कोणता ते लिहावं आणि बदल केल्याचं सांगावं. म्हणजे जांभळा रंग चालतो, नाव गाळणं चालत नाही. मी दवाखान्यात फोन केला होता. बदल त्या नर्सनेच केलेत. बिचारी ओशाळली. नाव कसं हवं ते तूच जाऊन सांग.

तू म्हणशील तर तक्ते उतरवते. पण ज्यांनी आधीच घेतलेत, त्यांची परवानगी आता काढून घेता येत नाही.

रागासकट लोभ चालेल.
तुझी ठकू

१५ मार्च

चि. ठकूस या वेळी भरघोस आशीर्वाद.

पदर खोचूनच गेले होते. तेवढ्यात बाकावरच्या एका म्हाताऱ्याने बायकोला उठवून चित्रापाशी नेलं, जांभळ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे बघ, माझं इथे अडलंय. तिला ते पहिल्यांदाच कळलं असावं. माझी शास्त्रीय नावं असती, तर दोघं बसूनच राहिली असती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तशाच बसून राहायच्या, हे आता कबूल करते.

मग नर्सने पेन पुढे केलं, आणि माझा हात अडला. भोवऱ्याच्या आकारापासून सुरुवात करून सात रेघांत हृदय काढायची रीत माझी नाही गं. ती आमच्या शाळेतल्या सिस्टरांची. त्यांच्या बोटांना सदा खडू, म्हणून आम्ही त्यांना खडूबाई म्हणायचो. तिरकी झडपसुद्धा त्यांचीच. छत्तीस वर्षं मी ती आपली म्हणून मिरवली, एका मुलीलाही खरं सांगितलं नाही. मागच्या पत्रातलं चोरीचं वाक्य खोडून टाक.

तक्ते राहू देत, परवानाही तोच. चित्राखाली आता परवाना आहे आणि त्यावर तीन नावं: रीत खडूबाईंची, चित्र माझं, रंग आणि सोपे शब्द नर्सचे. स्वतःचं नाव लिहायला ती लाजत होती. मी पुन्हा खुर्चीवर चढायची धमकी दिली.

माया आहे तशीच ठेव. तिच्यात बदल करायची परवानगी नाही.
तुझी मावशी