माशांची हजेरी

३ मार्च, सोमवार
मालक आणि बाई सकाळी गेले. तीन आठवडे बंगला माझ्या ताब्यात. बंगला म्हणजे मुख्यतः हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी. आठ मासे. जाताना मालक म्हणाले, मासे नीट राहिले तर तुला परमनंट करतो, नाहीतर तू तुझ्या घरी. म्हटलं, अजिबात टेन्शन घेऊ नका.
आईला फोन करून सांगून टाकलं की परमनंट झालो. तीन आठवड्यांनी होणारच आहे, मग तिला उगाच ताटकळत कशाला ठेवा. मागून दादाचा आवाज आला, विचार त्याला, आधीच्या तीन नोकऱ्या पण परमनंटच होत्या ना.
या वेळी दाखवतोच. आजपासून रोज माशांची हजेरी. रोज झाडू, तोही कोपऱ्यांसकट. टाकीखालच्या कपाटाच्या मागेसुद्धा.

४ मार्च
डासांनी फोडून काढलं. माझ्या खोलीच्या खिडकीला काहीच नाही. टाकीवर चौकटीची जाळी होती, ती लावून बघितली. मापाने शिवून घेतल्यासारखी बसली. टाकीला जाळीचं काय काम? डास पाण्यात बुडून मरतील, आणि मासे म्हणजे काही पक्षी नाहीत. माझी झोप झाली तर कामावर लक्ष राहील. म्हणजे हे माशांसाठीच केलं.
हजेरीची पद्धत बसवली. अंधारात जायचं, दिवा फटकन लावायचा, काचेवर जोरात थाप. सगळे धावपळ करत बाहेर येतात. मोजायला सोपं. फक्त तो नारिंगी पट्ट्यांचा, मालकांचा लाडका, दगडाच्या खोबणीतून हलत नाही. त्याचं नाव साहेब ठेवलं. शिस्त शून्य.
झाडू मारला. कपाटामागे उद्या.

७ मार्च
पिवळ्या गायब. पाण्यात नाही, दगडात नाही. मेला असता तर दिसला असता. स्वयंपाकाच्या मावशींना जरा आडून विचारलं, तर म्हणाल्या, हो, कढईत टाकला आणि तुलाच वाढला, काल दोनदा मागून घेतलास. वर म्हणाल्या, कपाटामागे कधी झाडतोस का रे मेल्या?
विषय काय, ही बाई बोलते काय.

९ मार्च
बंदोबस्त वाढवला. हजेरी सकाळ-संध्याकाळ, थाप दोन्ही हातांनी. तरी संध्याकाळी इन्स्पेक्टर कमी. तो सारखा गस्त घालायचा म्हणून हे नाव. गस्त घालणाराच गेला, म्हणजे चोर साधा नाही.
शेजाऱ्यांच्या मांजरीवर संशय होता. दिवसभर पाळत ठेवली. पण ती अगदीच बावळट निघाली. टाकीकडे ढुंकून बघत नाही. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत तोंड खुपसून बसते. निर्दोष म्हणून सोडून दिली.

११ मार्च
ज्याने टाकी बसवली त्या टाकीवाल्याला फोन केला. पाणी कसं आहे, मीठ किती आहे, सगळं विचारलं त्याने. मग म्हणाला, वर जाळी आहे ना? म्हटलं, जाळी एक नंबर आहे. यात खोटं काही नाही. एक डास आत येत नाही.
तो म्हणाला, मग दगडात एखादा खेकडा लपला असेल, कधीकधी दगडाबरोबर येतो.
तरीच. मला पहिल्यापासून खेकड्याचाच वास येत होता.

१३ मार्च
खेकडा मोहीम. बाटली कापून सापळा केला, काठीने एकेक दगड ठोकला, पाणी ढवळून काढलं. मासे इकडून तिकडे नुसते सैरावैरा. खेकडा आला नाही. मोहीम संपल्यावर बघतो तर जांभळी जोडी दोघंही नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत नेली. असला धीट खेकडा बघितला नाही, म्हणजे अजून बघितलेलाच नाही.
फरशीभर पाणी झालं. पुसलं. कपाटामागे फडकं पोचत नाही. उद्या लांब दांड्याचं बघतो.

१६ मार्च
आईचा फोन. तिचं सगळ्यांना सांगून झालं. दादाच्या सासऱ्यांनासुद्धा. मग दादा स्वतः फोनवर आला. मला वाटलं, टोमणा मारणार. तर म्हणाला, टिकलास बघ, बरं वाटलं रे.
दादा असं कधी बोलत नाही. फोन ठेवून हॉलमध्ये जाऊन बसलो. चार मासे. काही सुचेना. दर तासाला हजेरी घेतली.

१८ मार्च
हॉलमध्ये वास सुटलाय. मावशी पदर नाकाला लावून म्हणाल्या, काहीतरी मेलंय. म्हटलं, माशांच्या टाकीला माशांचाच वास येणार, अत्तराचा येणार का? स्प्रे मारला. आता अत्तर लावलेल्या माशांचा वास येतो.
नवरदेव गेला. म्हातारा गेला.

२० मार्च
काळी पण गेली. राहिला फक्त साहेब, खोबणीत. एवढ्या थापा मारल्या, पठ्ठ्या जागचा हलला नाही. मी काचेजवळ बसून त्याला म्हटलं, बाबा रे, तू तरी थांब, तुझ्यावर आमचं अख्खं घर उभं आहे. तो तोंड उघडून बंद करत राहिला. समजलं असावं.

२१ मार्च
मालक उद्या येतायत. भाषण पाठ केलं. खेकड्याचा पुरावा नाही, हाच तो हुशार असल्याचा पुरावा.

२२ मार्च, शनिवार
मालकांनी खेकड्याचं सगळं ऐकून घेतलं. मग टाकीच्या वर, जाळी असायची तिथे, हात फिरवला. हाताला हवा लागली. मला म्हणाले, कपाटाचं ते टोक धर.
सरकवलं. मागे सगळे होते. पिवळ्या पुठ्ठ्यासारखा कडक. इन्स्पेक्टरचा अर्धाच भाग, बाकीचा मांजरीने खाल्ला असणार. हजेरी पहिल्यांदाच पूर्ण भरली.
मालक म्हणाले, दचकले की उड्या मारतात रे हे. म्हणून तर जाळी.
स्वयंपाकघराच्या दारातून मावशी काहीतरी बोलणार होत्या. माझ्याकडे बघून आत गेल्या.
मालकांनी माझ्या खोलीत येऊन जाळी स्वतःच्या हाताने काढली. सोमवारची गाडी आहे म्हणाले.

२३ मार्च
साहेब आज खोबणीतून बाहेर आला. जाळीखाली आरामात फेऱ्या मारतोय. हजेरी घेतली नाही.
आईचा फोन होता. विचारत होती, आवाज असा का येतोय, झोप झाली नाही का? म्हटलं, इथे डास फार आहेत गं.