शिंगट्यांचे रिकामे खळगे

२ जून, सोमवार
सकाळी गोदावरीवर. डोहाच्या कडेला गुडघाभर पाणी. शिंगटा माशाचे खळगे पाच, पिल्लं एकातही नाहीत. नर तळाशी खळगा करतो आणि पिल्लं मोठी होईपर्यंत हलत नाही. दरवर्षी पाहते. या वर्षी राखणदारही गायब.
रंगनाथ भोई म्हणाला, "बाई, शिंगटा रुसला औंदा." मासा रुसत नाही. याचं जाळं बारीक झालंय का, ते पाहायला हवं.

१० जून
जाळं पाहिलं. बारीक नाही. पण त्यात दोन हात लांब काळा, मिशाळ मासा. चिखलात तासभर पडून जिवंत. थाई मांगूर. पाळायला बंदी आहे.
रंगनाथकडून पोट चिरून घेतलं. आत शिंगट्याची पिल्लं, अकरा.
हा आपोआप आला नाही. कुणीतरी

१४ जून
दिनकर भावजींच्या शेतात गेले. शेततळ्याभोवती माणूसभर उंच हिरवी जाळी. तळ्याचा सांडवा ओढ्यात, ओढा नदीत.
"काय पाळलंय, भावजी?"
"रोहू, कटला. बगळे लई तरास देऊन राह्यले, म्हनून जाळी."
कोंबडीच्या आतड्यांचं पोतं बांधावर. मांगूरला हेच घालतात.
"ते कुत्र्याला."
कुत्रा एक, पोतं भरलेलं. जाळीच्या आत येऊ दिलं नाही. "घसरसाल, वहिनी." तीस वर्षांत माझ्या घसरण्याची काळजी आजच.

१९ जून
जालन्याला जाऊन मत्स्य कार्यालयात अर्ज दिला. दिराचं नाव, गट नंबर, सगळं लिहिलं. साहेब ३० तारखेला येतील.
घरी सांगितलं नाही. नात्यापेक्षा नदी मोठी, हे सासूला, आत्याबाईंना, पटणार नाही.

२४ जून
तांदूळ निवडताना आत्याबाई म्हणाल्या, "यांदा बी मासे सोडशील ना? तिथ जवळ आली."
मी विसरले होते. खरंच विसरले होते?
मागच्या आषाढात यांचं वर्षश्राद्ध. जिते मासे गंगेत सोडले की गेलेल्या माणसाला पुण्य, ही सासूची श्रद्धा. वाद नको म्हणून जालन्यात टेम्पोवाल्याकडून सात घेतले. टोपलीत, वर ओलं पोतं. एसटीत दोन तास. घाटावर तोंड फिरवून टोपली उलटी केली. मला हे सगळं थोतांड वाटत होतं, म्हणून मासे कोणते ते पाहिलंही नाही.
साती जिवंत होते; पोत्याखालची वळवळ घाटापर्यंत हाताला लागत होती. पाण्याशिवाय दोन तास.
कोणता मासा पाण्याबाहेर इतका जगतो, हे मी नववीला वर्षानुवर्षं शिकवलं.
आत्याबाईंना आजच कसं आठवलं? काल दिनकर भावजी त्यांच्याजवळ बराच वेळ बसले होते.

२७ जून
रंगनाथला विचारलं, हा मासा पहिल्यांदा कधी दिसला?
"मागल्या पोळ्याच्या आसपास."
"आणि भावजींचं तळं कधी भरलं?"
"त्याच वक्ताला की. का बरं?"
काही नाही म्हणाले. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी टोपली उलटी केली त्या दिवशी घाटावर तोही होता.

२९ जून, रविवार
दिनकर भावजी आले. ओट्यावरच बसले.
"उद्या साहेब येऊन राह्यलेत म्हने तळं पाहायला. कुनी तरी अर्ज दिला."
"चहा?"
"नगं. तुमच्या ओळखीचे असतील साहेब, तुम्ही शिकलेल्या. त्याइला सांगा, बराबर पाहा म्हनावं. तळं बी आन् घाट बी."
चेहऱ्यावरून काही कळेना. घाट का म्हणाले?
आत्याबाईंनी टोपली धुऊन उन्हात उपडी घातली आहे.
साहेब दहाला येतील. तळ्याचा रस्ता त्यांना माहीत नाही, म्हणून आधी माझ्याच दारात. आपल्या फाट्यावरून डावीकडे तळं, उजवीकडे घाट. मी पुढे चालणार, ते मागे. आधी कुठे