शकुची मुलाखत आणि माझा निःपक्षपातीपणा

मुलुंड (पूर्व),
४ जुलै १९८४

तीर्थस्वरूप नानामामांस,

चंद्रप्रकाशचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची कंबर आता कशी आहे? मामीने पाठवलेली कुळथाची पिठी मिळाली. (आईने ती लपवून ठेवली आहे, पण डबा मला ठाऊक आहे.)

तुमची दोन्ही पत्रं पोचली. दोन्हींत एकच प्रश्न, शकुला कॉलेजात सीट मिळाली का, कारण नाही मिळाली तर मामी तिला पहिल्या एसटीने परत बोलावून कुडाळच्या स्थळाला होकार कळवणार. प्रश्न रास्त आहे. पण मामा, एका शब्दात उत्तर दिलं तर तुमच्या भाच्याची कामगिरी तुम्हाला कळणारच नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

आमचं कॉलेज नवं आणि प्राचार्यांची हौस दांडगी. फर्स्ट इयर कॉमर्सला येणाऱ्यांच्या मुलाखती थर्ड इयरच्या विद्यार्थ्यांनीच घ्यायच्या अशी पद्धत त्यांनी पाडली आहे. त्यासाठी निवड झाली माझी आणि रत्नप्रभा नावाच्या एका मुलीची. (माझी आवाजामुळे, तिची मार्कांमुळे.) केळुसकर सर देखरेखीला कोपऱ्यात बसतात, पण एकदा पेपर उघडला की ते असून नसल्यासारखे. थोडक्यात सगळी सूत्रं माझ्या हातात होती, म्हणूनच मी तुम्हाला निर्धास्त राहा असं कळवलं होतं.

शकुला मी आधीच बजावलं, आत आल्यावर मला दादा म्हणायचं नाही, ओळख दाखवायची नाही आणि मालवणीत एक अक्षर बोलायचं नाही. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तिची तालीम घेतली. ‘कॉमर्सच का?’ या प्रश्नाला मी उत्तर बसवलं, की व्यापार हा देशाचा कणा आहे आणि त्या कण्यातला एक मणका होण्याची माझी इच्छा आहे. ऐकता ऐकता आईची भाकरी करपली. मीच लिहिलंय म्हणून सांगत नाही, पण झकास आहे.

मुलाखतींच्या दिवशी बसल्या बसल्या मी रत्नप्रभाला सुचवलं, की जो पाठ केलेलं उत्तर म्हणेल त्याला सरळ शून्य द्यायचं. उद्या कोणी पक्षपाताचा ठपका ठेवायला नको. शकुच्या उत्तराचा संशय यायचं कारणच नव्हतं, कारण तालमीत मी तिला मध्येच अडखळायलाही शिकवलं होतं (तेसुद्धा ठरलेल्या जागी). रत्नप्रभाला हा नियम इतका पसंत पडला की तिने तो सरांच्या कानावर घातला, आणि सरांनी चक्क पेपर खाली ठेवला.

पहिला आला भांडुपचा खंडू. कॉमर्सच का, तर म्हणे व्यापार हा देशाचा कणा आहे. मी दचकलो, पण थोर विचार दोघांना सुचू शकतात असं मनाशी म्हणून शून्य दिलं. मग घाटकोपरची प्रेमा. तीही कण्यावरच, आणि मणक्यापाशी अडखळली, ठरलेल्या जागी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घाटकोपर ते मुलुंड प्रत्येक स्टेशनाचा एकेक मणका येऊन गेला आणि शून्य घेऊन गेला. रत्नप्रभा आता उमेदवारांऐवजी माझ्याकडे बघत होती, कारण गॅदरिंगच्या भाषणात हा कणा मी एकदा वापरला होता.

सुट्टीनंतर शकु आली. मी कोरड्या आवाजात विचारलं, कॉमर्सच का? मी डोळ्यांनी खुणावलं. तर ती सरांकडे वळून म्हणाली, “उत्तर होता, सर, पण ता मी भायर सगळ्यांका वाटून टाकलंय. पोरां घाबरलली.”

सरांनी विचारलं, ते कोणी शिकवलं होतं? तेव्हा, “ता सांगूचा नाय असा दादान बजावल्यान हा,” असं म्हणून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. मामा, माझी तिथेच वाट लागली.

पण सर तुमच्याच भागातले निघाले. त्यांनी हसून तिला तिचं स्वतःचं उत्तर विचारलं. ती म्हणाली, आंब्याचा दलाल हिशोब सांगतो आणि बाबा नुसती मान हलवतात, मला त्याला उलट प्रश्न विचारायचे आहेत. (हे तिचं म्हणणं, माझं नाही.) रत्नप्रभाने लिहिणं थांबवलं. खरं सांगतो, मला शकुचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि अभिमान जास्त वाटला.

सगळी शून्यं रद्द झाली, सर्वांच्या मुलाखती नव्याने झाल्या. माझ्या खुर्चीवर दुसरा बसला. मीही म्हटलं, नव्या लोकांना संधी मिळायला हवी. शकुला सीट मिळाली. मामीला म्हणावं, कुडाळला नकार कळवून टाक.

तुमचा भाचा,
चंदू

ता. क. प्राचार्यांनी पुढच्या महिन्यात मला पालकांना घेऊन बोलावलं आहे, त्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाहीत. आमच्या वडिलांना यातलं काही माहीत नाही, आणि होऊ नये असं आईचंही मत आहे. मामा म्हणजे पालकच. शकुला भेटायच्या निमित्ताने या. येताना काळा कोट आणा. प्राचार्य काय विचारतील आणि तुम्ही काय सांगायचं ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे. एसटीत पाठ करा.

ता. क. २. पत्र शकुकडे पोस्टात टाकायला दिलं होतं. तिने वाचून तो कागद काढून घेतला. म्हणते, बाबांना तुझ्याबद्दल जे वाटतं तेच ते सांगतील. ठीक आहे, तसं करा. फक्त तुम्हाला माझ्याबद्दल नेमकं काय वाटतं, ते निघण्याआधी मला पत्राने कळवा.